जुन्या ब्लँकेटचा पोंचो कसा शिवतात? कात्री लावण्याआधी माहीत हवं असं सगळं

थंडी पडली, निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला, की सोशल मीडियावर एक रील हमखास फिरू लागतं. जमिनीवर ब्लँकेट पसरलेलं असतं, त्यात कात्रीने एक सरळ चीर दिली जाते आणि पुढच्याच सेकंदाला तेच ब्लँकेट कुणाच्या तरी खांद्यावर झकास पोंचो होऊन बसलेलं दिसतं. यात खोटं काही नाही. पोंचोला बाही नसते, कॉलर नसते, बटणं नसतात, त्यामुळे तो शिवणकामातल्या सगळ्यात सोप्या कपड्यांपैकी एक आहे.

अडचण येते ती रील संपल्यावर. दोन धुण्यांत चिरेच्या कडा उसवून धागे लोंबायला लागतात. पोंचो मानेवरून सारखा मागे घसरतो. किंवा गळा इतका मोठा झालेला असतो की एक खांदा कायम उघडा राहतो. साध्या ड्रेसचं माप चुकलं तर शिवण उसवून पुन्हा घालता येते. ब्लँकेटच्या मधोमध चुकलेली चीर मात्र कितीही नीट रफू केली तरी दिसतेच. म्हणून या कामात शिवण्यापेक्षा कापण्याआधीची तयारी जास्त मोलाची.

पोंचो आणि रुआना

पोंचो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना या देशांच्या अँडीज पर्वतातल्या भागांत लोकरीचा आयताकृती कपडा आणि त्यात डोकं जाईल एवढी फट, इतकंच त्याचं रूप. अर्जेंटिनातल्या गाउचो म्हणजे घोडेस्वार गुराख्यांनी तो आपलासा केला, कारण हात मोकळे राहतात, पाऊस-वारा अडतो आणि रात्री तोच पांघरून झोपता येतं. तिथल्या साल्ता प्रांताचा लाल-काळा पोंचो प्रसिद्ध आहे. बाकी जगाला पोंचो बऱ्याच अंशी दाखवला तो सिनेमाने. सर्जिओ लिओनेच्या १९६४ सालच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये क्लिंट ईस्टवूडच्या खांद्यावर तो होता.

अँडीजमधल्या अनेक पारंपरिक पोंचोंमध्ये गळ्याची फट कापलेली नसतेच. मागावर दोन लांब पट्टे वेगवेगळे विणतात, ते शेजारी-शेजारी ठेवून शिवतात आणि मधली डोक्यापुरती जागा न शिवता सोडून देतात. त्यामुळे गळ्याला विणलेला पक्का काठ येतो आणि पक्क्या काठाचे धागे सुटत नाहीत. ब्लँकेट कापून पोंचो करणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या पोंचोच्या गळ्याला कापलेली कच्ची कड येते आणि पुढच्या बहुतेक कटकटी या कच्च्या कडेच्या असतात.

पोंचोचा एक सख्खा भाऊ आहे, रुआना. हा कोलंबिया आणि व्हेनेझुएलातला. कोलंबियात बोयाका हा थंड हवेचा डोंगराळ प्रांत त्यासाठी ओळखला जातो. रुआना समोरून पूर्ण उघडा असतो. एक टोक समोर सोडायचं, दुसरं टोक उलट्या खांद्यावरून मागे टाकायचं, की झाली शाल. इंटरनेटवर ‘पोंचो रॅप’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेक वेळा हेच असतं.

पहिल्यांदा शिवणाऱ्यासाठी रुआना जास्त सोयीचा. बंद गळ्याच्या पोंचोत डोक्याच्या मापाचा अंदाज चुकला की काम बिघडलं. रुआनात डोकं घुसवायचंच नसतं, त्यामुळे अर्धा-एक इंच इकडेतिकडे झालं तरी चालतं. पुढची मापं त्याचीच दिली आहेत. बंद गळ्याचा हिशेब शेवटाकडे येईल.

पांघरुणाचे कपडे ही कल्पनाही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपडे कूपनवर मिळू लागले, तेव्हा तिथल्या बायकांनी घरातल्या ब्लँकेटचे कोट शिवले. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली. आपल्याकडे धनगर घोंगडीची खोळ करून पावसात डोक्यावर घेतात. त्यात ना कात्री ना सुई, फक्त घडी.

ब्लँकेट कोणतं निवडावं?

जुनं ब्लँकेट घरच्या माळ्यावर सापडतं, नातेवाइकांकडून येतं, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळतं. बोहारणीकडे भांड्यांच्या बदल्यात गेलेले कपडे आणि पांघरुणं अशाच बाजारांत पुन्हा विकायला येतात. एकाच ढिगात लोकर, अॅक्रिलिक, पॉलिएस्टर, सुती असं सगळं मिसळलेलं असतं आणि हाताला बरंचसं सारखं लागतं. पण कात्री लावल्यावर प्रत्येक प्रकार वेगळा वागतो.

ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे कडेचा एक धागा काढून जाळून बघणं. धागा चिमट्यात धरावा आणि हे काम मोरीत किंवा स्टीलच्या ताटावर करावं. लोकर नाखुशीने जळते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरगळता येते. सुती धागा भरकन जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो. अॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर आधी वितळतात, मग घट्ट मणी होऊन बसतात, जो बोटांनी फुटत नाही. मिश्र धाग्यांत दोन्ही लक्षणं थोडी-थोडी दिसतात.

शंभर टक्के लोकरीचं, वर्षानुवर्षं वापरून जरा दाटलेलं ब्लँकेट मिळालं तर त्यासारखं काही नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होतं. एकदा चांगलं दाटलेल्या लोकरीच्या कापलेल्या कडेतून धागे सहसा सुटत नाहीत. ब्लँकेट तसं आहे का, हे बघायला कडेच्या कोपऱ्यात अगदी छोटा, सेंटिमीटरभराचा काप द्यावा आणि अंगठ्याने चोळावा. धागे निघू लागले तर ते फक्त विणलेलं आहे, दाटलेलं नाही. मग कडा बांधण्याला पर्याय नाही.

राखाडी, खरखरीत, स्वस्त आणि ‘वुलन’ म्हणून विकली जाणारी बरीच ब्लँकेटं ‘शॉडी’ची असतात. शॉडी म्हणजे जुने लोकरी कपडे फाडून त्यांचे तंतू पुन्हा कातून केलेलं सूत. हे तंत्र १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी रूढ केलं. आज त्याचं मोठं केंद्र हरियाणातलं पानिपत आहे. जगभरातून आलेले जुने स्वेटर-कोट तिथे रंगानुसार वेगळे होतात, त्यांची बटणं आणि चेन काढतात, मशिनमध्ये त्यांचा भुगा होतो आणि त्याचं पुन्हा सूत निघतं. बराचसा रंग मूळ कपड्यांचाच वापरला जातो, त्यामुळे रंगकाम वाचतं. ही पुनर्वापराची साखळी कौतुकास्पदच आहे, पण शिवणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. फाडल्यामुळे तंतू आखूड झालेले असतात, त्यामुळे कापड ताणाला कमी टिकतं आणि कडेजवळ घातलेली शिवण टाक्यांसकट बाहेर निघून येते. शॉडीचा पोंचो होतो, पण त्याच्या कडेला पट्टी रुंद हवी आणि शिवण कडेपासून चांगली पाऊण-एक इंच आत हवी.

मिंक ब्लँकेट दिसायला सगळ्यात मोहक आणि शिवायला सगळ्यात त्रासदायक. जाड, लवदार, बहुधा अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं. कापताना लव घरभर उडते, मशिनखाली थर सरकतात आणि इस्त्री लागली की चकाकणारा डाग कायमचा. त्यातही डबल मिंक इतकं जड असतं की अर्ध्या तासात खांदे दुखतात. ते पांघरायलाच ठेवावं.

पातळ फ्लीसचं ब्लँकेट मात्र नवशिक्यासाठी वरदान आहे. ते विणीचं नसून जर्सीसारखं गुंफलेलं असतं, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत. कडेला काहीही न करता तसंच सोडलं तरी चालतं. लोकरीसारखा भारदस्त झोल त्याला येत नाही, वारा आरपार जातो आणि कोरड्या हवेत केस उभे राहतात. पण पहिला प्रयोग म्हणून उत्तम.

सोलापुरी चादरीचा पोंचो हलक्या थंडीला छान दिसतो. सुती असल्याने ती मशिनमध्ये धुता येते, नक्षी दोन्ही बाजूंनी उठून दिसते, फक्त कापल्यावर धागे भराभर सुटतात. गोधडी कापू नये. तिचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेल्या धावदोऱ्यांनी धरलेले असतात, मध्येच कापलं की प्रत्येक ओळ तिथून सुटू लागते. इलेक्ट्रिक ब्लँकेट तर कापायचंच नाही, आत तारा असतात.

आणि घोंगडी? दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली जुनी घोंगडी कापडाच्या दृष्टीने दणकट असते. पण ती मानेला टोचते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनेक घरांत ती देवाच्या कार्यात वापरलेली असते. माळ्यावर सापडलेल्या घोंगडीला कात्री लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणं हे शिवणकामाचंच पहिलं पाऊल समजावं.

विकत घेताना ब्लँकेट उजेडासमोर धरून बघावं. कसर लागली असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. दोन-चार भोकं रफू करता येतात किंवा कापून टाकायच्या भागात घेता येतात. पण सगळीकडे विखुरलेली असतील तर ते ब्लँकेट सोडून द्यावं. वजनही हातात तोलून बघावं. ६० बाय ९० इंचांचं ब्लँकेट २ किलोचं असेल तर त्याच्या दोन-तृतीयांश भागातून होणारा रुआना सुमारे १ किलो ३०० ग्रॅमचा होईल. त्याहून जड नको.

आधी धुणं, मग माप

सेकंडहँड पांघरुणासोबत ढेकूण येऊ शकतात, ही भीती अनाठायी नाही. ब्लँकेट घरात आणल्यावर पलंगावर किंवा सोफ्यावर न टाकता मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत तोंड बांधून ठेवावं आणि थेट धुवायला काढावं. सुती असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्याच्या धुण्याने ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. सिंथेटिक ब्लँकेटचं लेबल आधी बघावं, कारण सगळीच इतकी उष्णता सोसत नाहीत. लोकरीला गरम पाणी चालत नाही, ती आटते. तिच्यासाठी ड्रायक्लीनिंग किंवा डीप फ्रीझर हे मार्ग आहेत. उणे १८ अंशांत सलग ४ दिवस ठेवलं तर ढेकूण मरतात, पण घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तेवढी जागा आणि तेवढी थंडी दोन्ही असेलच असं नाही. नुसतं उन्हात टाकणं पुरेसं नसतं, कारण ढेकूण घडीच्या सावलीतल्या भागात सरकतात.

धुणं कापण्याआधीच उरकावं याला दुसरंही कारण आहे. लोकर आणि सुती दोन्ही कापडं आटतात. कापून शिवल्यावर धुतलं तर ब्लँकेट एका प्रमाणात आटतं, कडेला लावलेली सुती पट्टी दुसऱ्या प्रमाणात, आणि सगळी कड चुण्यांनी भरून जाते. म्हणून पट्टीचं कापडही आधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. लोकरीचं ब्लँकेट थंड पाण्यात, सौम्य साबणात, न पिळता धुवावं आणि आडवं पसरून वाळवावं. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनाने एका बाजूला लोंबतं आणि मग चौकोन चौकोन राहत नाही.

कुठे आणि किती कापायचं?

सिंगल ब्लँकेट साधारण ६० बाय ९० इंच असतं. ९० इंचांच्या दोन्ही बाजूंना विणलेला पक्का काठ असतो आणि ६० इंचांच्या दोन टोकांना कारखान्यात दुमडून शिवलेली कड किंवा दशा असतात. याचा पूर्ण फायदा घ्यायचा.

लांबीतून ६० इंचांवर आडवं कापलं की ६० बाय ६० चा चौकोन मिळतो आणि ३० बाय ६० चा तुकडा उरतो. चौकोन अशा पद्धतीने दुमडायचा की पक्के काठ डाव्या-उजव्या हातांवर येतील आणि घडी खांद्यांवर. म्हणजे पुढे ३० इंच, मागे ३० इंच. पाच-सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीला ही लांबी साधारण कमरेखाली येते आणि रुंदी जवळपास मनगटापर्यंत. कुणाला ती जास्त वाटत असेल तर दोन्ही बाजूंनी ३-३ इंच कमी करता येतात, पण मग पक्के काठ जातात आणि कडा बांधण्याचं काम वाढतं. काठ शाबूत ठेवून रुंद पोंचो घालणं बरं.

या मांडणीत कापडाचे लांबीचे उभे धागे खांद्यावरून खाली लोंबतात. विणलेल्या कापडात ते सहसा जास्त मजबूत आणि कमी ताणले जाणारे असतात, त्यामुळे पोंचो दोन महिन्यांत लांब होत नाही. कच्च्या कडाही कमी उरतात. आडवी कापलेली एक कड ६० इंचांची, समोरच्या चिरेच्या दोन कडा ३०-३० इंचांच्या आणि मानेमागची थोडी गोलाई. सगळं मिळून साधारण १३० इंच, म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास. कोपरे आणि जोड धरून ४ मीटर पट्टी पुरते.

कापण्याआधी एक रंगीत तालीम करावी. जुनी चादर त्याच मापात कापून, घडी घालून, अंगावर टाकून आरशात बघावी. हात वर करावे, खुर्चीवर बसावं, चहाचा कप उचलावा. लांबी-रुंदीत काही बदलायचं असेल तर ते इथेच कळतं. पाच मिनिटांच्या या कामाचा लोकांना कंटाळा येतो आणि बहुतेक ब्लँकेटं त्या कंटाळ्यानेच वाया जातात.

गळा

माणसाची मान खांद्यांच्या बरोबर मधून सरळ वर निघत नाही, ती किंचित पुढे झुकलेली असते. म्हणूनच शिंपी कुठल्याही कपड्याचा पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल कापतात. घडीच्या मधोमध पुढे-मागे सारखा गळा कापला की पोंचो मागे घसरतो आणि समोरून गळ्याला काचतो. घरगुती पोंचोबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते.

रुआनासाठी घडीवर मधला बिंदू खडूने करावा, म्हणजे दोन्ही काठांपासून ३० इंचांवर. तिथून डावीकडे ३ आणि उजवीकडे ३ इंच खुणा कराव्यात. मागच्या बाजूला या दोन खुणा जोडणारी उथळ गोलाई आखावी, मध्यभागी जेमतेम १ इंच खोल. पुढच्या बाजूला त्याच खुणांपासून तिरप्या रेषा खाली आणाव्यात आणि घडीपासून ५ इंच खाली मधल्या रेषेला मिळवाव्यात. तिथून खाली कडेपर्यंत सरळ चीर. म्हणजे समोर इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा गळा तयार होतो. गोलाई दोन्ही बाजूंना सारखी यावी म्हणून वर्तमानपत्राचा अर्धा नमुना कापून तो उलटवून आखावं.

आता कात्रीऐवजी मशिन घ्यायचं. आखलेल्या चिरेच्या दोन्ही बाजूंना, रेषेपासून पाव-पाव इंचावर, एकेक सरळ टीप मारायची. गळ्याच्या आकाराबाहेरूनही तशीच टीप फिरवायची. मग या टिपांच्या मधून कापायचं. धाग्यांना सुटायची संधी मिळण्याआधीच ते अडकलेले असतात. आधी कापून नंतर टीप मारायला गेलं तर मशिनखाली कड ताणली जाते आणि लाटांसारखी होते, विशेषतः गळ्याच्या तिरप्या भागात.

कापायचंही दोन टप्प्यांत. आधी खालून वर सरळ चीर द्यावी आणि गळ्याच्या तिरप्या रेषा जिथे मिळतात तिथे थांबावं. मग आतला तुकडा आखलेल्या रेषेपासून अर्धा इंच आत राहून कापावा, अंगावर घालून बघावं. मानेमागे कापड गोळा होत असेल तर मागची गोलाई थोडी वाढवावी, पुढे काचत असेल तर ‘व्ही’ थोडा खोल करावा. टिपेच्या बाहेर जावं लागलं तर नवी टीप आधी मारून घ्यावी.

कडा: दुमडू नये, बांधाव्या

साडी किंवा परकराच्या सवयीने बरेच जण कड दोनदा दुमडून शिवायला घेतात. ब्लँकेट ४ मिलिमीटर जाड असेल तर तीन थर मिळून १२ मिलिमीटर होतात. घरगुती मशिनची सुई तिथे वाकते किंवा तुटते, आणि शिवली गेलीच तरी कड फळीसारखी ताठ उभी राहते. जाड कापडाला गोट लावणं हाच योग्य मार्ग.

गोटासाठी सुती, खादी किंवा जुन्या साडीच्या काठाजवळच्या मजबूत भागाच्या पट्ट्या चालतात. पट्टी साडेतीन इंच रुंद कापावी. ती ब्लँकेटच्या सुलट बाजूवर कडेला कड लावून पाऊण इंचावर शिवायची, मग कडेवरून मागे वळवायची, पट्टीची मोकळी कड आत दुमडायची आणि मागून हाताने बारीक टाक्यांनी हेम घालायची. पाऊण इंचाच्या हिशेबाने ३ इंच लागतात, उरलेला अर्धा इंच ब्लँकेटच्या जाडीत जातो. सरळ कडांना सरळ पट्टी चालते. मानेमागच्या गोलाईला आणि ‘व्ही’ला मात्र उरेब पट्टीच हवी, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली. ती ताणली जाते आणि वळणावर सपाट बसते. सरळ पट्टी तिथे चुण्या पाडते.

मशिनला १६ किंवा १८ नंबरची सुई लावावी, टाका मोठा ठेवावा, साधारण साडेतीन ते चार मिलिमीटरचा. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा अशा वजनाखाली लवकर तुटतो. टाचण्या जाड कापडात वाकतात आणि हरवतात, त्याऐवजी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे वापरावेत. नव्या, हलक्या इलेक्ट्रॉनिक मशिनपेक्षा आजीची काळी पायमशिन हे काम जास्त गुमान करते. मशिन नसेल तर पिको-फॉलवाल्याकडे कडा ओव्हरलॉक करून मिळतात. फक्त इतकं जाड कापड त्याचं मशिन घेईल का, ते एका तुकड्यावर आधी करून बघायला सांगावं.

चांगल्या दाटलेल्या लोकरीला गोट नको असेल तर हाताने ब्लँकेट स्टिच घालावी. आपल्या काजटाक्याचाच हा मोकळा प्रकार, अर्धा-अर्धा इंच अंतर ठेवून घातलेला. सहापदरी भरतकामाचा दोरा किंवा लोकर वापरली तर कडेला रंगीत रेघ येते आणि ती छान दिसते. धागे सुटणाऱ्या ब्लँकेटवर मात्र ही शोभेपुरतीच राहते.

‘व्ही’चं टोक जिथे सरळ चिरेला मिळतं, त्या दोन कोपऱ्यांवर मागच्या बाजूने बोटाच्या पेराएवढा सुती कापडाचा तुकडा ठेवून शिवावा. रुआना खांद्यावर ओढला जातो तेव्हा सगळा ताण तिथे येतो.

बंद गळा हवा असेल तर

समोरून उघडा नको असेल त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. डोक्याचा घेर कपाळावरून टेपने मोजावा. मोठ्या माणसाचा तो बहुधा २२ ते २३ इंच भरतो. सरळ फटीचा घेर तिच्या लांबीच्या दुप्पट होतो, म्हणून १२ इंचांची फट २४ इंचांचा घेर देते. गोट लावल्यावर कड ताणली जात नाही, त्यामुळे ११ इंचांवर डोकं अडकू शकतं आणि १४ इंचांवर खांदे उघडे पडतात. सुरुवात ११ इंचांनी करून, घालून बघून, पाव-पाव इंच वाढवावं. फट घडीवर आडवी न घेता उभी, पुढच्या बाजूला ९-१० इंच आणि मागे २-३ इंच अशी घेतली तर मान नीट बसते. फटीच्या दोन्ही टोकांना मघासारखे मजबुतीचे तुकडे हवेतच.

आणि गळ्याला कात्री लावायची हिंमतच होत नसेल तर मघाशी उरलेला ३० बाय ६० चा तुकडा आहेच. तो अर्ध्यात दुमडला की ३० बाय ३० चा चौकोन होतो, एका बाजूला घडी. कारखान्यातली शिवलेली कड वर ठेवावी. घडीपासून १२ इंच मोकळे सोडून त्या वरच्या कडेचे उरलेले १८ इंच दोन्ही थर धरून शिवून टाकावेत. मोकळ्या १२ इंचांतून डोकं जातं, घडी एका खांद्यावरून उतरते, शिवण दुसऱ्या खांद्यावरून, आणि पुढे-मागे टोकदार कोपरे लोंबतात. गळ्याला एकही काप नाही, गोट फक्त खालच्या कडेला. कडेला दशा असतील तर त्या गळ्याशी येतात, म्हणून आधी छाटून तिथे गोट लावून घ्यावा. अँडीजमधले विणकर जे करतात, तेच हे. एका ब्लँकेटमधून असे दोन कपडे निघतात, दुसरा जरा आखूड.

वापरताना

दुचाकीवर पोंचो घालू नये, मागे बसतानाही नाही. ओढणी चाकात किंवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात सगळ्यांना माहीत आहेत. पोंचोची कड त्याहून जड आणि मजबूत असते, ती सहज फाटून सुटत नाही. गॅसपाशी किंवा शेकोटीजवळ सिंथेटिक ब्लँकेटचा पोंचो धोक्याचा, कारण ते कापड वितळून कातडीला चिकटतं. लोकर त्यामानाने सुरक्षित, ती सहजी पेटत नाही, पण लोंबती टोकं ज्वालेपासून दूरच हवीत. लहान मुलांसाठी शिवताना गळ्याला नाडी किंवा गोंडे लावू नयेत. घसरगुंडीवर, झोपाळ्यावर ते अडकतात.

लोकरीचा पोंचो रोज धुवायचा नसतो. हवेशीर जागी टांगला, ब्रशने झटकला की बराच काळ चालतो. उन्हाळ्यात ठेवण्याआधी मात्र एकदा नीट धुऊन किंवा ड्रायक्लीन करून, पूर्ण वाळवून ठेवावा. कसरीच्या अळ्यांना घाम आणि अन्नाचे डाग असलेली लोकर जास्त आवडते. कडुलिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवायची पद्धत घरोघरी आहे, पण घट्ट झाकणाचा डबा किंवा चेनची पिशवी अधिक भरवशाची. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लावू नयेत आणि लहान मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत. हँगरवर महिनोन्‌महिने टांगून ठेवला तर खांद्यावर दोन उंचवटे कायमचे उमटतात, म्हणून घडी घालून आडवा ठेवावा, आणि मध्ये एकदा, पावसाळा संपल्यावर, काढून उन्हात झटकावा.